सात पॉइंट आठ

निपाणीत, स्टँडमागच्या बोळात माझी लॅब.
पाटी कानडीत, रिपोर्ट इंग्रजीत,
आणि सुई टोचताना जे बोलायचं ते मराठीत.
तंगेव्वा बाही वर सरकवते.
दंडावर तंबाखूच्या भुकटीचा थर,
तीनदा पुसला तरी
कापूस पिवळाच निघतो.

सात पॉइंट आठ.
जूनमध्येही सात पॉइंट आठच होतं.
मधे नव्वद गोळ्या गेल्या, सरकारी, तांबड्या.
"एकबी चुकवली न्हाई बघ.
परसाकडं काळं हुतंय, तेवढंच."

काळं होतंय, तेच तर उत्तर.
जे पोटात गेलं ते आत गेलंच नाही.

पोट म्हणजे अजून बाहेरच असतं, तंगेव्वा.
घशाखाली उतरलेली भाकरी
अंगणात आली, एवढंच.
घर सुरू होतं आतड्याच्या भिंतीपाशी.
तिथं लोह येतं गंजक्या खिळ्यासारखं,
कुणी त्याच्या हातावर एक इलेक्ट्रॉन ठेवला
तरच त्याला दारातून घेतात.
तुझी पुंडीची भाजी ठेवते. आंबट असते ना, म्हणून.
लिंबाची फोड ठेवते.
आणि वखारीतला दहाचा चहा,
परत चारचा चहा,
लोहाचं मनगट धरून त्याला माघारी नेतो.

हे तिला जूनमध्येच सांगितलं होतं.
तिनं चहा सोडला.
वखारीत चहा सोडणं म्हणजे काय
ते तिथं बसलेलीलाच ठाऊक.
माझी आई बसायची, अकरा वर्षं.
पाय पसरायला मिळायचे ते तेवढ्या कपापुरते.

तरी सात पॉइंट आठ.

मग डॉक्टरांनी लिहून दिलेली दुसरी नळी भरली.
सीआरपी चढलेला. फेरिटिन भरपूर.
म्हणजे घर उपाशी
आणि कणगी गच्च, वर शेणानं लिंपलेली.

हे यकृताचं काम.
रोज भुकटी, रोज खोकला,
कुठंतरी रोज थोडी सूज,
त्याला वाटतं अंगात चोर शिरलेत,
आणि जंतूंनाही लोहच लागतं खायला.
म्हणून ते एक चिठ्ठी धाडतं,
पंचवीस अमिनो आम्लांची, एवढीशी.
हेप्सिडिन.
मजकूर एकच: दारं लावा.

मग आतड्याच्या पेशीची मागची दारं मिटतात.
पुढच्या दारानं घेतलेलं लोह
तिथंच बसून राहतं, मांडीवर गाठोडं घेऊन.
तीन दिवस. चार दिवस.
पेशीचं आयुष्यच तेवढं.
मग ती गळते, लोहासकट,
आणि ते पुन्हा अंगणात,
जसं कधी आलंच नव्हतं.

कॉलेजात हे पान वाचताना
मला बाबांच्या ट्रंकेतली फाइल आठवली होती.
काही अर्ज बेंगळुरूला, काही मुंबईला.
पोच आहे सगळ्यांची. उत्तर नाही.
जाऊ दे. तो विषय रक्ताचा नाही.

"मग गोळ्या खाऊ का नगं?"
मी म्हणते, ते डॉक्टर सांगतील.
आधी बेळगावला छाती दाखव,
आधी तो खोकला.
आणि नाकाला फडकं बांध, ओलं करून.
"फडक्यात जीव गुदमरतोय गं.
आन हात थांबला की मुकादम बोलतोय."
यावर माझ्याकडं रीएजंट नाही.

ती बाही खाली ओढते.
पिशवीतून स्टीलचा डबा काढून
सेंट्रिफ्यूजशेजारी ठेवते. नळ्या अजून फिरतायत.
पुंडीची भाजी, वर शेंगदाण्याचं तेल तरंगतंय,
दोन भाकऱ्या कागदात.

"तुजाबी रंग काय लई बरा दिसंना, पोरी.
सवताचं कधी बघितलंस का?"

नाही बघितलं.
टेबलावर माझा चारचा चहा,
त्यावर साय धरू लागलेली.
मी डब्याचं झाकण काढते.
कप खिडकीत सरकवते,
थोडा लांब. फार लांब नाही.